शाळा व्यवस्थापन समिती की शालेय समिती?

तक्रारीच्या अर्जावर पालक सर्रास "मा. अध्यक्ष, शाळा समिती" असं लिहितात आणि अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. शाळा समिती नावाची एकच समिती नसते. शाळा व्यवस्थापन समिती पालकांची, शालेय समिती संस्थाचालकांची. पहिली 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आली. दुसरीचा आधार आहे खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा आणि त्याची 1981 ची नियमावली. अनुदानित शाळेत या दोन्ही समित्या असतात, म्हणून सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र शालेय समिती नसतेच.

ती का नसते, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. जुन्या मुंबई इलाख्यात 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे आला. 1947 च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांची नवी घडी बसली आणि 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्यावर या शाळा त्यांच्याकडे गेल्या. वयस्क माणसं अजूनही "बोर्डाची शाळा" म्हणतात, ते यावरूनच. या सगळ्या काळात शिक्षकाची नेमणूक, बदली आणि शिक्षा जिल्ह्याच्या पातळीवरच राहिली. गावाच्या वाट्याला आली ती देखरेख, आधी ग्रामशिक्षण समितीच्या रूपात आणि 2010 पासून शाळा व्यवस्थापन समितीच्या रूपात. खासगी शाळेचं तसं नाही. तिथे नोकरी देणारी संस्था, आणि शालेय समिती हा तिचा शाळेतला हात.

आता रचना पाहू. 2010 च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 12 ते 16 सदस्य असतात आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव म्हणून त्याहून वेगळे. 12 जणांची समिती धरली तर 9 पालक, 1 स्थानिक प्राधिकरणाचा निवडून आलेला सदस्य, 1 शिक्षक आणि 1 स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, म्हणजे इथे किमान 6. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना मुलांच्या प्रमाणात जागा. पालक सदस्य पालकसभेतून निवडायचे आणि अध्यक्षही पालकांमधलाच हवा. सरपंचांचं मूल त्या शाळेत नसेल तर ते अध्यक्ष होऊ शकत नाहीत. मोठ्या गावांतही हे अनेकांना ठाऊक नसतं.

शालेय समितीत बहुमत संस्थेच्या प्रतिनिधींचं. कायम शिक्षकांपैकी एक जण सेवाज्येष्ठतेनुसार पाळीपाळीने येतो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. पालकांना तिथे जागाच नाही.

कामं तर अगदीच निराळी. मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक सोडून बाकी शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका शालेय समिती करते. रजेमुळे तीन महिन्यांपर्यंत जागा रिकामी असेल, तर समितीने अधिकार दिल्यास मुख्याध्यापकही ती भरू शकतात. शिक्षकाला बडतर्फ करायचं तर तीन सदस्यांची चौकशी समिती नेमावी लागते. त्यात संस्थेचा एक, कर्मचाऱ्याने सुचवलेला एक आणि पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला एक. बडतर्फीचा आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत त्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. एवढी मोठी प्रक्रिया असताना पालकसभेत हात वर करून "या सरांना काढा" असा ठराव केला, तर त्या कागदाने काहीच हलत नाही. उलट शिक्षकाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

व्यवस्थापन समितीचं काम म्हणजे शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि अनुदानाच्या खर्चाची पाहणी. शिक्षक वेळेवर येतात का, पोषण आहार नीट शिजतो का, शाळाबाह्य मुलं आहेत का, हेही तिनेच पाहायचं. आराखडा तीन वर्षांचा असतो. कोणत्या वर्गात किती मुलं येतील, किती शिक्षक कमी पडतात, कुठली खोली किंवा स्वच्छतागृह हवं, हे सगळं त्यात लिहावं लागतं. कायद्याने हाच आराखडा अनुदानाचा आधार आहे, म्हणून तो मागच्या वर्षीचा उतरवून काढला की नुकसान मुलांचंच होतं.

पैशाचं एक उदाहरण घ्या. समग्र शिक्षा योजनेत संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 31 ते 100 पर्यंत 25,000 रुपये आणि 101 ते 250 पर्यंत 50,000 रुपये. त्यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा. 28 पटाच्या वस्तीवरच्या शाळेला मिळणाऱ्या दहा हजारांत खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि फिनेल असं सगळं बसवावं लागतं. अशा शाळेत समितीची बैठक खरी झाली, की नुसती वही फिरवून सह्या घेतल्या, हे इतिवृत्तावरून लगेच कळतं. सगळ्या सह्या एकाच पेनाने, ठराव सगळे "सर्वानुमते" आणि रकमेचा कुठे आकडाच नाही, असं असेल तर बैठक झालेली नाही असं खुशाल समजा.

अनुदानित शाळांबाबत 2012 ची दुरुस्ती लक्षात ठेवायला हवी. या शाळांत व्यवस्थापन समितीची भूमिका फक्त सल्लागाराची केली गेली आणि आराखड्याची जबाबदारीही काढून घेतली. सरकारी पगारावर चालणाऱ्या शाळेत पालकांचा आवाज असा पातळ करायला नको होता. तरी सल्ला लेखी द्यावा, इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी. तोंडी सांगितलेलं पुढच्या बैठकीला कुणाला आठवत नाही.

विनाअनुदानित शाळेला शिक्षण हक्क कायद्यातली व्यवस्थापन समिती लागूच नाही. तिथे फीचा प्रश्न पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडे जातो आणि त्या समितीतले पालक सोडतीने निवडले जातात.

तेव्हा अर्ज लिहिण्याआधी शाळा कोणाची आणि तक्रार कशाची, एवढं पाहून घ्या. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाच्या गैरहजेरीबद्दल व्यवस्थापन समितीचा ठराव करा आणि तो केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर अर्ज मुख्याध्यापक व शालेय समितीच्या नावे करा, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.