पक्षिनिरीक्षण व पक्षिछायाचित्रण, बेळगाव सीमाभागातील

रानातल्या पक्ष्यांना न पकडता, न मारता त्यांच्या मूळ अधिवासात ओळखणे, त्यांच्या वर्तनाची टिपणे ठेवणे आणि कॅमेऱ्याने त्यांची चित्रे घेणे, हा छंद व त्यातून साठत गेलेली नोंदींची परंपरा. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः बेळगाव जिल्ह्याचा, त्यातही खानापूर, बेळगाव, हुक्केरी व गोकाक या तालुक्यांचा विचार केला आहे.

जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते. तेथून ईशान्येस अथणीपर्यंतचे सरळ अंतर दीडशे किमी.च्या आसपास भरते. या अंतरात सदाहरित व निमसदाहरित घाटजंगल, पानझडी रान, भातशेती, ऊस, धरणांची पाणथळे आणि बोडके माळ असे अधिवास एकामागून एक येतात. घाटमाथ्यावर पाऊस काही हजार मिमी. पडतो, अथणी, रायबागकडे तो ५००-६०० मिमी.वर येतो. त्यामुळे सकाळी जांबोटीच्या रानात मलबारी राखी धनेश पाहिलेला निरीक्षक त्याच दिवशी संध्याकाळी पूर्वेकडच्या माळावर भोवत्या (हॅरियर) आणि पखुर्डी (सँडग्राउज) पाहू शकतो. या छंदाचे येथील आकर्षण बव्हंशी या जवळिकीत आहे.

जुन्या नोंदी व ‘बेळगाव’ या स्थळनिर्देशाचा प्रश्न : पक्ष्यांविषयीचे लिखित कुतूहल या मुलखात जुने आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या (बारावे शतक) मानसोल्लासात श्येनविनोद हे बहिरीससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांच्या खेळावरील प्रकरण आहे. मात्र तो राजविलास होय, त्याला आजच्या अर्थाचे निरीक्षण म्हणणे धाडसाचे ठरेल. नोंदींची सलग परंपरा १८७० नंतरची. ब्रिटिश अधिकारी व पक्षितज्ज्ञ ॲलन ह्यूमच्या स्ट्रे फेदर्स या नियतकालिकात १८७६ मध्ये अहमदनगरचे अमेरिकन मिशनरी एस. बी. फेअरबँक यांची खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव व अहमदनगर या परिसरांत गोळा केलेल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. १८८१ मध्ये त्याच नियतकालिकात ई. ए. बटलर या लष्करी अधिकाऱ्याची दख्खन व दक्षिण मराठा मुलखाची विस्तृत पक्षिसूची आली. बटलर बेळगावच्या छावणीत होता आणि अंडी-घरटी जमवण्याचा त्याला नाद होता. ह्यूमच्या घरटी व अंडी या विषयावरील ग्रंथात त्याची बेळगावची टिपणे उद्धृत केलेली आढळतात. आपल्या सूचीला त्याने स्वतःच ‘तात्पुरती’ म्हटले. पुढे तिचा आधार घेणाऱ्यांनी या विशेषणाची दखल क्वचितच घेतली.

या काळात मारून जमवलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवर व याद्यांमध्ये पुष्कळदा ‘बेळगाव’ एवढेच स्थळ असते. त्याचा अर्थ काय घ्यावा, यावर बरेच अवलंबून आहे. बेळगाव कलेक्टोरेट १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळे झाले. १८६४ मध्ये कलादगी जिल्हा बनला तेव्हा सरहद्दी पुन्हा हलल्या. उत्तर कॅनरा (आजचा उत्तर कन्नड जिल्हा) १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. भोवती सांगली, मिरज, कोल्हापूर, रामदुर्ग अशा संस्थानांची ठिगळे होती. बेळगाव शहराला चिकटलेले शहापूरदेखील सांगली संस्थानात मोडे. म्हणजे शहापूरच्या तळ्यावर मारलेले बदक कागदोपत्री बेळगावचे नव्हते, आणि खानापूरच्या पलीकडे दाट रानात मिळालेला पक्षी मात्र ‘बेळगाव’च्या नावावर चढू शकत होता. कर्णा (ट्रोगन) किंवा शीळकरी कस्तूर यांसारख्या घाटजंगलातील पक्ष्यापुढे नुसते ‘बेळगाव’ लिहिलेले असेल, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. एक, शहराच्या शिवारापर्यंत तेव्हा ओलसर रान पोहोचले होते. दोन, ‘बेळगाव’ हा केवळ छावणीचा पत्ता आहे. पक्षी शिकारीच्या दौऱ्यात पश्चिमेकडे मिळाला व चिठ्ठी मुक्कामी परतल्यावर लिहिली गेली. पहिला अर्थ सर्वस्वी टाकाऊ नाही, कारण एकोणिसाव्या शतकात झाडी आजच्यापेक्षा अधिक होती यात शंका नाही. तथापि खानापूर शहरापासून जेमतेम २५-३० किमी. अंतरावर असल्याने व संग्राहक बहुतेक शिकारीचे शौकीन असल्याने दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. जुन्या यादीतील नाव आज शहराभोवती दिसत नाही, एवढ्यावरून तो पक्षी ‘नाहीसा झाला’ असे विधान करताना म्हणूनच सावध असावे. उत्तर कॅनराच्या बाबतीत ही अडचण कमी आहे. तेथील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याची त्या जिल्ह्याची स्वतंत्र पक्षिसूची १८९८ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (स्थापना १८८३) नियतकालिकात आली.

छायाचित्रण : पूर्वी बंदुकीने मिळालेले कातडे हा पुरावा असे, आज ती जागा छायाचित्राने घेतली आहे. कर्नाटकातील वन्यजीव-छायाचित्रकारांत संडूरच्या मराठा राजघराण्यातील मु. य. घोरपडे (१९३१–२०११) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, मात्र संडूर हे सीमाभागाबाहेरचे. डिजिटल कॅमेरे व लांब पल्ल्याच्या झूम लेन्स आटोक्यात आल्यावर, म्हणजे स्थूलमानाने २००५ नंतर, हा छंद डॉक्टर, शिक्षक, वकील, व्यापारी अशा मध्यमवर्गात पसरला. साधारणपणे ४०० ते ६०० मिमी. नाभीय अंतराची लेन्स वापरली जाते. निरीक्षणासाठी ८×४२ (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी. व्यासाच्या भिंगाची) दुर्बीण बहुतेकांना पुरते. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण बाहेर पडणारा प्रकाशझोत ५.२५ मिमी.वरून ४.२ मिमी.वर येतो व हाताची थरथर वाढून दिसते. घाटातल्या झाडोऱ्यात हा फरक लगेच जाणवतो.

जंगलातील व पाणथळीवरील अडचणी अगदी उलट जातीच्या आहेत. भीमगड अभयारण्य (घोषणा २०११, सुमारे १९० चौ. किमी.) व त्याला लागून असलेल्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात प्रकाश कमी पडतो. कर्णा मधल्या उंचीच्या फांदीवर दीर्घकाळ निश्चल बसतो, हे छायाचित्रकाराचे भाग्य. परंतु तो माणसाकडे हटकून पाठ करतो आणि नराची लालभडक छाती पलीकडच्या झाडांना दिसते. संवेदनक्षमता (आयएसओ) वाढवावी तर चित्रात कण येतात, न वाढवावी तर चित्र हलते. स्वयंचलित केंद्रीकरण पक्षी सोडून पुढच्या पानावर अडकते. अशा वेळी मिळणाऱ्या, ओळख पटण्यापुरत्या चित्राला या वर्तुळात ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात. त्याची चेष्टा होते खरी, पण नोंदीच्या दृष्टीने अनेकदा तोच मोलाचा असतो. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या व हवाबंद डबा ही सर्वसाधारण तजवीज. जळवांसाठी मोज्यांना तंबाखूची भुकटी चोळतात. निपाणीच्या मुलखात तिची वाण नाही. इतके असूनही पुष्कळांना हाच ऋतू प्रिय असतो, कारण शीळकरी कस्तूराची माणसासारखी, सूर चुकत-सावरत जाणारी शीळ ओढ्याकाठी पहाटे ऐकावी ती पावसाळ्यात. त्याआधी, धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीत होणाऱ्या) पेरणीच्या सुमारास, यळ्ळूर-वडगावच्या भातशिवारात पावशाचा ‘पेरते व्हा’ सुरू झालेला असतो.

गोकाक तालुक्यातील धुपदाळ येथे घटप्रभेवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंधारा झाला. त्याच्या फुगवट्यावरील घटप्रभा पक्षी अभयारण्य (१९७४, सुमारे ३० चौ. किमी.) कांड्या करकोचा व युरोपातून येणारा पांढरा करकोचा या हिवाळी पाहुण्यांसाठी प्रसिद्ध आहे. कांड्या करकोचे सकाळी शेतात चरतात व ऊन चढल्यावर पाण्याकाठी विसाव्याला उतरतात. म्हणजे थवा एका जागी सापडतो तो नेमका छायाचित्राला प्रतिकूल वेळी. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते व दूरच्या पक्ष्याची कड विरघळल्यासारखी उमटते. यावर महागड्या लेन्सचाही उपाय चालत नाही. अंतर कमी करणे किंवा पहाटे आधीच लपणात जाऊन बसणे, एवढेच हाती असते. हिडकल जलाशयावरही तोच अनुभव येतो. राकसकोप त्या मानाने लहान व शहरास जवळ असल्याने नवशिके तेथून सुरुवात करतात. टिळकवाडीतील व्हॅक्सीन डेपोचा वृक्षाच्छादित परिसर तर सकाळी फिरायला येणाऱ्यांचीच शाळा आहे. छावणीचा भाग व सांबऱ्याचा हवाई तळ यांच्या आसपास लांब लेन्स बाहेर काढणे टाळतात. कारण उघड आहे.

नियम व संकेत : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही मोडते; कॅमेरा घेऊन घरट्यापर्यंत जाणाऱ्या पुष्कळांना याची कल्पना नसते. अभयारण्यात प्रवेश व छायाचित्रण यांसाठी वनखात्याची परवानगी लागते. धनेशाच्या बाबतीत धोका विशेष आहे. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि काही महिने केवळ चोचीपुरत्या फटीतून नराने आणलेल्या फळांवर राहते. ढोलीसमोर माणसांची गर्दी झाली तर नर चारा घेऊन येण्यास कचरतो व आतील मादी-पिले उपाशी राहतात. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे, म्हणजे ‘कॉल लावणे’, विणीच्या काळात तरी गैर मानले जाते. व्यवहारात मतभेद आहेत. संख्यागणनेसाठी आवाज वापरणे व चित्रासाठी तोच पुनःपुन्हा लावणे यांत फरक करावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

घरट्यांवरील गर्दी टाळण्यासाठी जाणती मंडळी चित्रासोबत नेमके ठिकाण देत नाहीत. ईबर्डसारखे नोंदसंकेतस्थळही काही संवेदनशील जातींची अचूक स्थाने झाकून ठेवते. हे योग्यच. मात्र त्याचा अतिरेक होऊन ‘बेळगाव, कर्नाटक’ एवढीच ओळ चित्राखाली उरली, की बटलरच्या काळातील चिठ्ठ्यांचीच अडचण पुन्हा उभी राहते. फाइलीत तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते, पण कापून-छाटून पुढे पाठवलेल्या प्रतीत तीही बहुधा राहत नाही. तालुका व महिना दिल्याने कोणत्याही घरट्यास धोका पोहोचत नाही. निदान तेवढे देण्याचा प्रघात पडावा.

सीमेच्या दोन्ही बाजूंची व्यवस्था वेगळी आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्र शासनाने २०२० पासून लागू केला; कर्नाटकात तो शासकीय नाही. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, कर्नाटकाचा नीलपंख (चास). दोन्ही बेळगाव जिल्ह्यात आढळतात. भीमगडचे रान गोव्याच्या म्हादई अभयारण्याला भिडते व चंदगड-तिलारीचा महाराष्ट्रातील पट्टाही दूर नाही. पक्ष्यांच्या नोंदी मात्र तीन राज्यांच्या तीन याद्यांत विभागल्या जातात.

पूर्वेकडील अथणी, रायबाग, रामदुर्ग या तालुक्यांबाबत प्रकाशित माहिती तुटपुंजी आहे. माळावर धाविक, चंडोल, लावा, पखुर्डी आणि हिवाळ्यात माँटेग्यूचा व पांढुरका भोवत्या हे पक्षी दिसतात. सौंदत्तीजवळील मलप्रभेचा जलाशय (रेणुकासागर) पाणपक्ष्यांसाठी पाहण्याजोगा आहे. हल्याळ, सुपा व दांडेली हा धनेशांसाठी प्रसिद्ध असलेला टापू उत्तर कन्नड जिल्ह्यात येतो. दांडेलीत २०११ मध्ये धनेश संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले.