वारा पडलेला असतानाही सांबराला वास लागतो

गोव्यातल्या मोले किंवा खोतीगावच्या रानात सांबर पाहायला जाणारी मंडळी खाकी कपडे घालतात, पावलं जपून टाकतात आणि झाडाचं पान हलत नसलं की खूश होतात. वारा नाही, म्हणजे आपला वास जनावरापर्यंत जाणार नाही, असा हिशेब. तो साफ चुकीचा आहे.

एक खरं, की वासाचे रेणू आपणहून फार लांब जात नाहीत. हवेत त्यांचा विसरण गुणांक, म्हणजे आपोआप पसरण्याचं माप, सेकंदाला साधारण ०.१ चौरस सेंटिमीटर. विसरणात अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. या गणिताने निव्वळ विसरणावर एक मीटर सरकायला सुमारे १४ तास लागतील. मग शंभर मीटरवरच्या सांबराला काही मिनिटांत तुमचा सुगावा कसा लागतो?

कारण हवा थांबलेली नसतेच. सूर्य कलला की डोंगरउतार भराभर थंड होतो आणि त्याला टेकलेली हवाही निवते. २० अंशांची एक घनमीटर कोरडी हवा १.२०४ किलो भरते, १५ अंशांची १.२२५ किलो. फरक अवघा २१ ग्रॅमचा, पण तेवढ्यावर तो थर उतारावरून घसरू लागतो, ओहोळाच्या घळीत शिरतो आणि खाली जातो. वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तरी शंभर मीटर साडेतीन मिनिटांत. एवढ्याने पान हलत नाही. शिवाय वर उबदार हवा पसरलेली असल्याने हा थर तिच्यात सहज मिसळत नाही आणि त्यातला वास लवकर विरळ होत नाही. संध्याकाळी तुम्ही वर आणि सांबर खाली, तर त्याला तुमची वर्दी मिळालीच समजा.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, म्हणजे आपल्या गोव्यात, याला दुहेरी जोर मिळतो. दुपारी खारे वारे पूर्वेकडे येतात आणि तापलेल्या उताराची हवाही तिकडेच वर चढते. रात्री मतलई वारे आणि थंड हवेचा ओघ, दोन्ही समुद्राकडे. अडचण सकाळ-संध्याकाळच्या पालटाची. तेव्हा दिशा क्षणाक्षणाला बदलते आणि सांबरं चरायला निघतात तीही नेमकी याच वेळी.

घरात पंखा बंद करून उदबत्ती लावून बघा. धूर हातभर सरळ चढतो, मग एकदम विस्कटतो, त्याचे धागे होतात आणि धाग्यांमध्ये स्वच्छ हवा राहते. रानात वासही असाच तुटक येतो. एक धागा नाकाला लागला की सांबर थबकतं, मान वर करतं, पुढचा खूर आपटतं. दुसरा लागला की ‘ढाँक’ अशी हाक घुमते.

‘माणसाचा वास शून्य’ करणारे स्प्रे ऑनलाइन मिळतात. त्यांवर पैसे घालवू नका. श्वास चालू असतो आणि त्वचेवरचे जिवाणू वास बनवतच राहतात. सांबराला असा सुगावा लागतो यात काहींना त्याचं सहावं इंद्रिय दिसतं. पहिल्या पाचांतलं नाकच पुरेसं आहे.

परदेशात परवाना घेऊन हरणांची शिकार करणारे खिशात पावडरची बाटली ठेवतात आणि चिमूटभर उडवून हवेचा कल पाहतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, पण कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला ही युक्ती तितकीच उपयोगी. सूर्य चांगला वर आल्यावर सांबराच्या वरच्या अंगाला राहा, संध्याकाळी खालच्या. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे उतार ना नीट तापतो ना निवतो. तेव्हा नैर्ऋत्येचा वारा सांगेल ती दिशा.