गोव्यातील चाकोरीबाहेरचे वाहतूक सिग्नल

वर लाल, मधे पिवळा, खाली हिरवा आणि तिघांचे ठरलेले फेरे, ही वाहतूक सिग्नलची सर्वांच्या डोळ्यांत बसलेली मांडणी. या नोंदीत तिला सोडून असलेल्या मांडण्यांचा आणि त्या रस्त्याच्या नियमांत कितपत बसतात याचा विचार केला आहे. रात्री नुसता पिवळा लुकलुकत ठेवलेला सिग्नल, चालू सिग्नलखाली उभा राहून हातानेच वाहने सोडणारा पोलिस, आकडे न दाखवणारा टाइमर, दुभाजकाच्या टोकावर रात्रंदिवस लुकलुकणारा लाल सौरदिवा, रस्त्याचे काम चालू असताना दोन टोकांना उभी असलेली निशाणवाली माणसे, असे हे प्रकार आहेत. यांतले दिसायला सर्वांत विचित्र ते बहुधा नियमात बसतात. नियमात न बसणारे मात्र रोजच्या सवयीने कोणाला खटकेनासे झालेले असतात.

कायदा काय पाहतो

सिग्नलला अधिकार येतो तो मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११६ मधून. वाहतुकीची चिन्हे उभारण्याचा हक्क राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेला आहे, आणि चिन्हाचा आकार, रंग व अर्थ ठरलेलाच असावा लागतो. गोव्यात प्रत्यक्ष काम साबांखा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खाते, आणि वाहतूक पोलिस यांच्यात वाटलेले आहे. एखाद्या पंचायतीने किंवा दुकानदाराने चांगल्या हेतूने आपल्या वळणावर लाल-हिरवा दिवा टांगला, तरी त्याला सिग्नलची कायदेशीर किंमत नसते. (वळणावरचा बहिर्गोल आरसा वेगळा. तो आज्ञा देत नाही, फक्त दाखवतो.)

कलम ११९ चालकाला चिन्ह पाळायला सांगते, आणि त्याच दमात वाहतूक नियंत्रणाचे काम करणाऱ्या पोलिसाचे म्हणणेही. गाडी कशी चालवावी याचे तपशील २०१७ च्या वाहनचालन विनियमांत आहेत. १९८९ चे रस्त्याचे नियम त्यांनी मोडीत काढले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणे कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे मोजले जाते. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

सिग्नल कुठे आणि कसा बसवावा हा तांत्रिक भाग इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९३ या १९८५ च्या पुस्तिकेत आहे. वाहनांची वर्दळ, पादचाऱ्यांची संख्या, अपघातांची नोंद असे निकष तिथे दिले आहेत. सिग्नलने टळू शकले असते असे ५ किंवा अधिक अपघात १२ महिन्यांत झाले असतील तर तो एक निकष पुरा होतो. एका फेऱ्याला साधारण १२० सेकंदांची कमाल मर्यादा आणि पादचाऱ्याच्या चालीला सेकंदाला १.२ मीटर हा हिशेबही त्यातलाच. ही मार्गदर्शिका आहे, कायदा नव्हे. त्यामुळे एखादा सिग्नल पुस्तिकेशी जुळत नाही एवढ्यावरून तो बेकायदा ठरत नाही आणि चालकाला मोडायला मोकळा होत नाही.

रस्त्याच्या बाजूबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोर्तुगाल १९२८ साली डावी बाजू सोडून उजवीकडे गेले, पण शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान असलेला गोवा डावीकडेच राहिला. म्हणून १९६१ साली मुक्तीनंतर बाजू बदलण्याचा प्रसंगच आला नाही.

लुकलुकणारा पिवळा

गोव्यात नियमाविषयी सर्वाधिक गैरसमज या दिव्यापाशी आहे. रात्री वर्दळ ओसरली की सिग्नलचे फेरे थांबवून पिवळा लुकलुकत ठेवतात. पाहणारा समजतो, सिग्नल बंद आहे, चला. प्रत्यक्षात हा दिवा चालू असतो आणि सांगत असतो की वेग कमी करा, बघा, मग जा. चौक तेवढ्यापुरता अनियंत्रित समजायचा. लहान रस्त्यावरून येणाऱ्याने हमरस्त्यावरच्याला वाट द्यायची, आणि दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला.

पावसाळ्यातल्या रात्री साडेदहाच्या सुमारास महामार्गावरच्या कोणत्याही अशा चौकात दहा मिनिटे उभे राहावे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर येते, मागे बसलेल्याच्या हातात नकाशा उघडलेला मोबाईल. पुढचा पिवळ्याकडे पाहून थांबतो, कारण त्याच्या गावी पिवळ्यानंतर लाल येतो. लाल काही येत नाही. मागून मिनीबसचा हॉर्न सुरू होतो. दचकून तो निघतो नेमका तेव्हा, जेव्हा उजवीकडून ट्रक येत असतो. थांबण्यात त्याची फारशी चूक नव्हती, निघताना उजवीकडे न पाहण्यात होती. मिनीबसवाल्याला या दिव्याचा अर्थ ठाऊकच नव्हता, आणि तो इथलाच होता.

लुकलुकणाऱ्या लालचा अर्थ आणखी कडक आहे. चौकात तो दिसला तर पूर्ण थांबायचे, रस्ता मोकळा आहे याची खात्री करायची आणि मगच पुढे जायचे. भारत ज्यात सामील आहे त्या रस्त्यावरील चिन्हे व सिग्नलांच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात तर लुकलुकणारा लाल रेल्वे फाटक, उघडणारे पूल अशा ठिकाणांसाठी राखलेला आहे, आणि तिथे तो पेटला की पुढे जाणेच नाही. आता गोव्यातले दुभाजक पाहा. दुभाजकाचे टोक, गतिरोधक, शाळेजवळचे वळण, सगळीकडे लाल सौरदिवे लुकलुकत असतात. हेतू फक्त ‘इथे काहीतरी आहे’ एवढेच सांगण्याचा. नियमाच्या भाषेत ते सांगतात ‘थांबा’, आणि थांबत कोणीच नाही. धोका दाखवायला पिवळा रंग हाताशी असताना लाल वापरणे ही माझ्या मते गोव्यातल्या सिग्नलांची सर्वांत मोठी चूक आहे, कारण ती डोळ्यांना लाल न पाळायची सवय लावते.

वीज गेली की सिग्नल काळा पडतो. तेव्हाही अनियंत्रित चौकाचाच नियम लागू. आधीचा फेरा लक्षात ठेवून ‘आता आपलाच हिरवा असणार’ असा अंदाज बांधणारे चालक काही थोडे नाहीत.

दिवा आणि हात

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पणजीतला कार्निव्हल, चवथीच्या आदल्या दिवसाची खरेदी. अशा वेळी सिग्नल आपले फेरे घेत राहतो आणि खाली पोलिस शिट्टी तोंडात धरून हाताने वाहने सोडतो. वर हिरवा आणि समोर उघडा पंजा, किंवा वर लाल आणि हात ‘या, या’ म्हणत असतो. नियम इथे अगदी स्पष्ट आहे, पोलिसाचा हात दिव्यावर मात करतो. चांगली पद्धत अशी की हाताने वाहतूक घेताच सिग्नल बंद करावा किंवा पिवळ्यावर टाकावा. दोन्ही एकदम चालू ठेवले तर दिव्याकडे पाहणारा आणि हाताकडे पाहणारा एकाच क्षणी चौकात येतात.

कॅमेरे आल्यापासून यात नवी भानगड झाली आहे. पणजीलगतच्या मेरशी चौकात २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रणा बसली. लाल ओलांडणे, हेल्मेट नसणे, तिघे बसणे, उलट्या दिशेने येणे असे गुन्हे टिपून ती चलन पाठवते. कॅमेऱ्याला गाडी दिसते, आणि पोलिसाचा हात बहुधा चौकटीबाहेर राहतो. हाताने बोलावले म्हणून लाल ओलांडला आणि मोबाईलवर चलन आले, तर कायदा चालकाच्या बाजूला आहे. तसे सांगून चलनाला हरकत घेता येते. मात्र त्यासाठी तारीख-वेळ लक्षात ठेवायला हवी.

या कॅमेऱ्यांनाही नियम आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७अ या नियमाप्रमाणे उपकरणाला मान्यतेचे प्रमाणपत्र लागते, पुढे कॅमेऱ्याची नजर आहे असे सांगणारी पाटी आधी लावावी लागते आणि गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवावी लागते. झाडाच्या फांदीआड गेलेली पाटी म्हणजे न लावलेली पाटी, असे म्हणायला वाव आहे.

टाइमर कोरा का राहतो हेही इथेच सांगता येईल. ठरलेल्या वेळेच्या सिग्नलवर उरलेले सेकंद दाखवणे सोपे असते. वाहने मोजून वेळ कमीजास्त करणाऱ्या सिग्नलला मात्र हिरवा किती चालणार हे आधी ठाऊकच नसते, मग दाखवणार काय? लोकांना तो बिघाड वाटतो. टाइमर असला तरी त्याच्या आकड्याला आज्ञेचे बळ नाही. ‘३’ दिसताच गाडी काढणारा स्कूटरवाला कायद्याने लालच मोडत असतो.

डावीकडे मोकळे?

महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून येणारे अनेकजण समजतात की लाल असताना डावीकडे वळायला हरकत नाही. तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तरच वळता येते, एरवी लाल सर्व दिशांना लाल. पाटी असली तरी झेब्रावरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचे. गोव्यातल्या अरुंद चौकांत डावी मार्गिका वेगळी काढायला जागाच नसते. त्यामुळे सरळ जाणारा रांगेत पहिला उभा राहिला की मागचे डावीकडे वळणारे हॉर्न वाजवून त्याला रेषेपुढे ढकलतात. रेषा ओलांडल्याचा दोष मात्र त्याच्याच नावावर लागतो.

सर्कल

दिवज या पारंपरिक दिव्याची प्रतिकृती असलेले पणजीचे दिवजा सर्कल, मडगावचे आणि म्हापशाचे सर्कल यांच्यासाठी २०१७ चे विनियम म्हणतात की आधीच वर्तुळात असलेल्याचा हक्क पहिला. डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात वर्तुळातली वाहने उजवीकडूनच येतात, त्यामुळे ‘उजवीकडच्याला वाट द्या’ हा जुना नियमही व्यवहारात तेच सांगत होता. सर्कलवर सिग्नल बसवला की वरचढ ठरतो तो सिग्नल. दोन्ही पद्धती अर्ध्या-अर्ध्या चालल्या की वर्तुळ आतूनच तुंबते.

दिवे झाकणारे दिवे

पणजीहून मांडवी ओलांडून पर्वरीकडे जाताना कॅसिनोच्या जाहिरातींचे फलक रात्री दिवसासारखे पेटलेले असतात. फलक हलत्या चित्रांचा असेल आणि सिग्नलच्या नेमका मागे असेल तर चित्र लाल झाल्यावर लाल दिवा त्यात विरघळून जातो, हिरवे झाल्यावर हिरवा. कलम ११६ मध्ये याची सोय आहे. वाहतूक चिन्ह झाकणारी, चिन्हासारखी दिसून फसवणारी किंवा चालकाचे लक्ष विचलित करणारी जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला देता येतो. सिग्नलविषयक तरतुदींत सर्वांत कमी वापरली जाणारी बहुधा हीच.

इतरत्र

मुंबईत दादरला २०२० साली पादचारी सिग्नलवर पुरुषाकृतीऐवजी झगा घातलेली स्त्री आली. रंग आणि जागा तीच राहिल्याने अर्थ बदलला नाही. बेंगळुरूत २०२२ साली काही चौकांत लाल दिवा हृदयाच्या आकाराचा केला गेला. तो लालच होता, पण आकार कापल्याने उजेडाचे क्षेत्र घटले, आणि प्रखर उन्हात तेवढाही फरक पडतो. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहराच्या टिपरारी हिल भागात हिरवा वर आणि लाल खाली आहे. ब्रिटनचा लाल आयर्लंडच्या हिरव्याच्या वर नको म्हणून तिथल्या आयरिश पोरांनी १९२० च्या दशकात दगड मारून दिवे फोडले आणि शेवटी नगरपालिकेने हार मानली. रंग नीट न ओळखू येणारा माणूस दिव्याच्या जागेवरून अर्थ लावतो, म्हणून हा अपवाद गंमतीचा असला तरी निरुपद्रवी म्हणता येत नाही. आडव्या सिग्नलबाबत व्हिएन्ना करार हाच विचार करतो. डावीकडून चालणाऱ्या देशात लाल उजव्या टोकाला असावा असा त्याचा नियम आहे, आणि जपानमध्ये तसाच दिसतो.

निशाणवाले

रस्त्याचे किंवा पुलाचे काम निघाले आणि एकच मार्गिका उरली की दोन टोकांना लाल-हिरवी निशाणे घेतलेले मजूर उभे राहतात. रस्ता-कामाच्या ठिकाणच्या वाहतुकीसाठी आयआरसीची वेगळी मार्गदर्शिका आहे आणि निशाणवाला तिला मान्य आहे. पण तो पोलिस नव्हे, त्यामुळे कलम ११९ मधली पोलिसाची सत्ता त्याच्या हाताला मिळत नाही. न जुमानता घुसणाऱ्यावर धोकादायक वाहनचालनाचा ठपका येऊ शकतो, निशाण मोडल्याचा नाही. आषाढात दोन्ही फडकी चिखलाने एकाच रंगाची होतात. मग या टोकाचा मजूर मोबाईल कानाला लावून पलीकडच्याला सांगतो, ‘शेवटची पांढरी आल्टो, मागे कोण नाही’, आणि ती आल्टो दिसेपर्यंत तिकडचा निशाण वर करत नाही.