एका दिवसात नवाश्मयुगीन ऑर्कनी: सहलीला निघण्यापूर्वी

ऑर्कनी हा स्कॉटलंडच्या उत्तरेचा बेटसमूह. आमची सहल त्यातल्या 'मेनलँड' या सर्वांत मोठ्या बेटावर होते. सकाळी बेटावरच्या कर्कवॉल या मुख्य शहरातून निघायचं, संध्याकाळी तिथेच परत यायचं. मार्गदर्शक दिवसभर मराठीत बोलतो. नवाश्मयुगातली, म्हणजे धातू येण्यापूर्वीच्या शेतकऱ्यांच्या काळातली, ठिकाणं चारच आहेत आणि ती मुद्दाम चारच ठेवली आहेत, कारण हे दगड घाईत पाहिले तर नुसते दगडच दिसतात.

बहुतेकांना उंच उभे दगड आधी पाहायचे असतात. आम्ही मात्र सुरुवात स्कारा ब्रेच्या घरांपासून करतो. 1850 च्या हिवाळ्यात वादळानं स्केलच्या किनाऱ्यावरची वाळू उडवली आणि हे गाव उघडं पडलं. इ.स.पू. 3100 च्या आसपास इथे वस्ती झाली. गिझाचा मोठा पिरॅमिड तेव्हा बांधायचाच होता. बेटावर लाकूड दुर्मीळ, पण दगड फरशीसारखा सपाट सुटतो. म्हणून घरातलं सामानही दगडी: मधोमध चूल, दोन बाजूंना पलंग आणि दारातून शिरताच समोर दिसेल असं फडताळ. घरांना जोडणारे बोळ वरून झाकलेले होते, म्हणजे वाऱ्यापावसातही शेजारी जाता यायचं. मूळ घरांत उतरता येत नाही, वरच्या पायवाटेवरून खाली पाहायचं. जवळच एका घराची प्रतिकृती आहे, तिच्यात मात्र जरूर शिरा.

ती चूल लक्षात ठेवा. पुढे स्टेनेसला पातळ, उंच शिळांच्या वर्तुळात मधोमध तशीच चौकोनी चूल दिसते, फक्त कितीतरी मोठी. घरातली चूल इथे साऱ्या समाजाची झाली, असं आम्हाला वाटतं, आणि म्हणूनच इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबतो. 1814 मध्ये जमीन कसणाऱ्या एकानं इथले दगड पाडायला सुरुवात केली होती. लोकांच्या संतापामुळे तो थांबला, पण ज्याच्या भोकातून हात धरून जोडपी वचन देत, तो जवळचा ओडिनचा दगड तोवर फुटून गेला होता.

पुढचं ठिकाण म्हणजे ब्रॉडगर. इथलं उभ्या दगडांचं वर्तुळ 104 मीटर व्यासाचं आहे. भोवतीचा खंदक थेट खडकात खोदलेला आहे. जमीन फार भिजली की आतली पायवाट बंद ठेवतात; त्या दिवशी बाहेरून फिरायचं.

शेवटी मेझहाउ, गवताळ टेकाडाखालची दगडी समाधी. 21 डिसेंबरच्या आगेमागे काही आठवडे, आकाश निरभ्र असेल तर, मावळतीचं ऊन बोगद्यातून थेट मागच्या भिंतीपर्यंत जातं. बाराव्या शतकात आत घुसलेल्या नॉर्स (मूळच्या स्कँडिनेव्हियातल्या) लोकांनी भिंतींवर रून या त्यांच्या जुन्या लिपीत लेख कोरले, तेही दिसतात. इथली माहिती मात्र तिथलाच मार्गदर्शक इंग्रजीत देतो. आमचा माणूस बाहेर आल्यावर शंका सोडवतो. प्रवेशाची वेळ ठरलेली असते, उशीर झाला तर आत सोडत नाहीत.

कपड्यांचं सांगायचं तर वारा अडवणारं जाकीट उन्हाळ्यातही घ्या. छत्री या वाऱ्यात टिकत नाही. बूट पाणी न शिरणारे हवेत.

मेझहाउचा बोगदा सुमारे 10 मीटर लांब आणि ठेंगणा आहे, पूर्ण वाकून जावं लागतं. गुडघे किंवा कंबर दुखत असेल, किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल, तर नाव नोंदवतानाच सांगा. तेवढा वेळ आम्ही तुम्हाला जवळच्या तळ्याकाठी, पुन्हा स्टेनेसच्या दगडांपाशी नेऊ.