बेटी पॅरिस (‘द क्रुसिबल’मधील पात्र)

बेटी पॅरिस हे आर्थर मिलर यांच्या ‘द क्रुसिबल’ या चार अंकी इंग्रजी नाटकातील दहा वर्षांच्या मुलीचे पात्र. नाटकाचा पहिला प्रयोग २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या चौकशा चालू होत्या. त्या काळात मिलर यांनी १६९२ मधील मॅसॅच्युसेट्स वसाहतीतले सेलमचे चेटूक-खटले रंगभूमीवर आणले. बेटी ही तिथल्या पाद्र्याची, सॅम्युएल पॅरिसची मुलगी. तिच्या वाट्याला संवाद अगदी थोडे आहेत, पण नाटक उघडते ते तिच्या बिछान्यापाशीच.

रात्री रानात मुली नाचत असताना पाद्री अचानक समोर येतो. त्या धसक्याने बेटी निपचित पडते. ती काही बोलत नाही, म्हणून मोठी माणसे तिच्या मुकेपणात आपापली भीती भरतात. बापाला आपले पद जाईल याची धास्ती असते. सात तान्ही बाळे गमावलेल्या अ‍ॅन पटनमला कुणीतरी दोषी हवा असतो, आणि बेटी किती उंच उडाली, हे ती मनापासून विचारते. वैद्याला औषध सापडत नाही, तेव्हा तोही अमानवी कारण शोधायला सांगतो.

खरे काय घडले ते बेटीच सांगते, तेही भोवती फक्त मुलीच असताना. मेलेल्या आईकडे उडून जायचे म्हणून ती खिडकीत पाय टाकते. शेतकरी जॉन प्रॉक्टरच्या बायकोचा जीव जावा म्हणून आपली नात्यातली बहीण अ‍ॅबिगेल रक्त प्यायली, हे तिच्या तोंडून बाहेर पडताच अ‍ॅबिगेल तिच्या थोबाडीत मारते. पुढे वृद्ध रिबेका नर्स नुसती जवळ उभी राहते आणि पोर शांत होते. तिला चेटूक नव्हे, माया हवी होती, हे प्रेक्षकाला इथेच कळते. याच रिबेकाला पुढे फाशी होते.

पहिल्या अंकाच्या शेवटी पाद्र्याच्या घरची गुलाम टिटुबा आणि अ‍ॅबिगेल सैतानासोबत पाहिलेल्यांची नावे घेऊ लागतात. नावे घेणाऱ्याला शिक्षा होत नाही, उलट शाबासकी मिळते. मग बेटी उठते आणि तीही नावे घेते. पहिल्या अंकातला सर्वांत भयंकर क्षण हाच. बेटीचे काम करणाऱ्या बालनटीला तोवर पडून राहूनच प्रेक्षकांचे लक्ष धरून ठेवायचे असते आणि एकाएकी आरोळ्या ठोकायच्या असतात, त्यामुळे ही छोटी भूमिका सोपी नाही.

इतिहासातील एलिझाबेथ पॅरिस १६९२ मध्ये नऊ वर्षांची होती. तिची आई तेव्हा जिवंत होती. आई १६९६ मध्ये वारली. नाटकात सतरा वर्षांची असलेली अ‍ॅबिगेल प्रत्यक्षात अकरा-बारा वर्षांची होती. खुद्द एलिझाबेथला खटले सुरू होण्याआधीच वडिलांचे परिचित स्टीफन सूअल यांच्या घरी पाठवले गेले. पुढे तिने लग्न केले. १७६० मध्ये तिचा मृत्यू झाला.