रायफल, शिकारी : विमानातून वाहतूक

शिकारीची रायफल प्रवाशाने स्वतःच्या चेक-इन सामानातून, म्हणजे विमानाच्या पोटातल्या मालकक्षातून नेण्याची पद्धत. सामान्य प्रवाशाला हातसामानात रायफल, तिचा बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा), मॅगझिन (काडतुसे भरण्याची डबी) किंवा काडतुसे नेता येत नाहीत. वरची दुर्बीण मात्र सुटी केल्यास अमेरिकेत जवळ बाळगता येते, आणि महागडी दुर्बीण असणारे बरेचजण तसेच करतात. ही पद्धत सर्वांत रुळली ती अमेरिकेत. तेथे दर शरद ऋतूत एल्क, मूस, डॉल मेंढा यांच्या शिकारीसाठी लोक मोंटॅना, वायोमिंग, अलास्काकडे विमानाने जातात. त्यामुळे या नोंदीत मुख्यत्वे अमेरिकी नियमांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : प्रवासासाठी रायफल दोन भागांत सुटी करण्याची युक्ती विमानप्रवासामुळे आली, असे कधीकधी लिहिले जाते. ते ग्राह्य वाटत नाही. नळी आणि दस्ता अलग करता येणाऱ्या विंचेस्टर रायफली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच बाजारात होत्या. त्या आगगाडीच्या, आगबोटीच्या आणि घोड्यावरच्या प्रवासासाठी घडवलेल्या. त्यांच्यासाठी केलेली चामडी पिशवी एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती असे. आकारावरून तिला इंग्रजीत मेंढीच्या तंगडीचे नाव पडले. विमानाने या जुन्या बनावटीला नवे गिऱ्हाईक मिळवून दिले, एवढेच म्हणता येईल. चामडी पिशवी मात्र विमानयुगात टिकली नाही, कारण आता पेटी कडक कवचाची असावी लागते.

विमानात शस्त्रे जवळ बाळगण्यावर अमेरिकेत गंभीरपणे बंधने येऊ लागली ती १९६१ च्या विमान अपहरणांनंतर. त्या वर्षीच्या कायद्याने विमानात लपवून शस्त्र नेणे हा संघीय गुन्हा ठरला. सर्व प्रवाशांची तपासणी सुरू झाली जानेवारी १९७३ मध्ये. त्याआधी रायफल हातात घेऊन विमानात चढल्याच्या व ती वैमानिकाच्या ताब्यात दिल्याच्या आठवणी जुन्या शिकाऱ्यांकडून ऐकायला मिळतात. त्या सर्वस्वी अविश्वसनीय नाहीत. पण त्या काळचा नियम नेमका काय होता, हे त्यांवरून ठरवता येत नाही. मधल्या काळात, १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने वाहतूकदाराला शस्त्राची लेखी पूर्वसूचना देण्याचे, किंवा प्रवासी सोबत असल्यास शस्त्र वाहतूकदाराच्या ताब्यात देण्याचे बंधन घातले. या कलमात १९९३ मध्ये एका वाक्याची भर पडली : आत बंदूक आहे असे सांगणारी चिठ्ठी वा खूण सामानाच्या बाहेरून लावण्याची सक्ती वाहतूकदाराने करू नये. हेतू चोरी टाळण्याचा होता. पेटीच्या आकारावरून आत काय असावे हे कोणाच्याही ध्यानात येते, ही गोष्ट वेगळी.

१९८० च्या दशकातील संघीय विमान प्रशासनाच्या नियमावलीत (भाग १०८) आज चमत्कारिक वाटेल असा भेद होता. पिस्तूल असलेल्या सामानाला कुलूप हवे आणि किल्ली प्रवाशाकडेच हवी. खांद्याला लावून झाडायच्या बंदुकीला, म्हणजे रायफल वा शॉटगनला, ही अट नव्हती. विमान कंपनीला योग्य वाटेल अशी पेटी पुरे. लांब नळीचे शस्त्र लपवून वापरणे अवघड, असा यामागचा विचार दिसतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर तपासणीचे काम नव्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे (यापुढे ‘प्रशासन’) गेले, नियम नव्याने लिहिले गेले आणि हा भेद संपला.

सध्याची रीत : अमेरिकी संघीय नियमावलीच्या शीर्षक ४९ मधील १५४०.१११ या कलमात चार अटी आहेत : शस्त्र रिकामे असावे, सामान देण्यापूर्वी ते तोंडी वा लेखी घोषित करावे, पेटी कडक कवचाची असावी आणि ती कुलूपबंद असून किल्ली वा आकडा फक्त प्रवाशाकडे असावा. काउंटरवर प्रत्यक्षात घडते ते असे : प्रवासी सामान पट्ट्यावर ठेवण्यापूर्वीच रायफल असल्याचे सांगतो. कर्मचारी एक लहान कार्ड पुढे करतो. त्यावर शस्त्र रिकामे असल्याची ग्वाही, सही आणि तारीख. पेटी उघडली जाते. फेसाच्या गादीत रायफल आडवी, बोल्ट काढून शेजारच्या खाचेत, नळीच्या मागच्या तोंडात बहुधा नारिंगी प्लास्टिकची पट्टी, म्हणजे आत काडतूस नाही हे लांबूनही दिसावे. सही केलेले कार्ड रायफलीवर ठेवून झाकण बंद होते, कुलुपे लागतात आणि पेटी बहुतेक विमानतळांवर मोठ्या आकाराच्या सामानाच्या खिडकीकडे जाते. तपासनिसाला किल्ली लागलीच तर हाक मारता यावी म्हणून प्रवाशाला दहा-पंधरा मिनिटे तिथेच थांबायला सांगतात. या थांबण्याला अनेकजण कंटाळतात, पण पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ ते टाळण्यात असते.

‘भरलेली’ बंदूक म्हणजे काय, हेही नियमातच सांगितले आहे : जिवंत काडतूस किंवा त्याचा कोणताही घटक नळीच्या कोठ्यात, सिलिंडरमध्ये वा बसवलेल्या मॅगझिनमध्ये असलेली. या ‘घटका’त झाडलेली मोकळी पुंगळी येते की नाही, यावर शब्दच्छल करता येईल, जाणते शिकारी तो करत बसत नाहीत, कोठ्यात बोट घालून खात्री करतात. प्रशासन दरवर्षी पकडलेल्या बंदुकांची संख्या जाहीर करते. २०२३ मध्ये ती ६,७३७ होती. पण ही सारी तपासणी नाक्यावर हातसामानात सापडलेली शस्त्रे. घोषित करून चेक-इन केलेल्या रायफली तीत नाहीत.

कुलपाचा वाद : या विषयावर सर्वाधिक शाई खर्ची पडली आहे ती कुलपावर. २००३ पासून ‘ट्रॅव्हल सेंट्री’चे लाल चौकटचिन्ह असलेली कुलुपे बाजारात आली. ती अधिकाऱ्यांकडच्या सामायिक किल्लीने, न तोडता उघडता येतात. साध्या सूटकेसला ती सोयीची. रायफलीच्या पेटीला चालतील का, हा प्रश्न आहे. एक पक्ष नियमाच्या शब्दांवर बोट ठेवतो : किल्ली ‘फक्त प्रवाशाकडे’ असायला हवी. ज्या कुलपाची दुसरी किल्ली हजारो तपासनिसांकडे आहे, त्याने ही अट पूर्ण होऊच शकत नाही. उलट ते लावणारा स्वतःच नियमभंग करतो. दुसरा पक्ष प्रशासनाच्याच सार्वजनिक सूचनांचा आधार घेतो. त्यांत कोणत्याही बनावटीचे वा प्रकारचे कुलूप, या मान्यताप्राप्त कुलुपांसह, चालेल असे म्हटले आहे. नियम राबवणारीच संस्था असे म्हणते तेव्हा प्रवाशाला दोषी कोण धरणार, असा हा युक्तिवाद.

दोन्ही मतांचा मेळ घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. ‘प्रवाशाकडे’ याचा अर्थ ‘सामान हाताळणाऱ्यांकडे नव्हे’ असा घ्यावा, सरकारी तपासनीस त्या वर्जनात येत नाही, असे काहीजण सुचवतात. ही ओढाताण वाटते. नियम हा नियम आणि संकेतस्थळावरची सूचना ही सूचना. दोहोंत विसंगती आल्यास पहिल्याचे वजन अधिक. शिवाय २०१४ मध्ये या सामायिक किल्ल्यांचे स्पष्ट छायाचित्र एका अमेरिकी दैनिकात छापून आले आणि पुढच्या वर्षी त्यावरून घरच्या त्रिमितीय छपाईयंत्रावर किल्ल्या बनवण्याचे आराखडे महाजालावर फिरू लागले. तेव्हापासून ही कुलुपे सुरक्षेच्या दृष्टीनेही फारशी उरलेली नाहीत. साधे, जाड कडीचे कुलूप हाच निर्धोक पक्ष होय.

कुलुपे किती, हा उपवाद. ‘प्रत्येक भोकात कुलूप’ असा नियम असल्याचे ठामपणे सांगितले जाते, पण मूळ कलमात संख्या नाही. प्रशासनाच्या सूचनेनुसार पेटी अशी बंद हवी की आतल्या शस्त्रापर्यंत हात पोहोचू नये. सव्वा मीटर लांबीच्या प्लास्टिकच्या पेटीला मधोमध एकच कुलूप लावले, तर दोन्ही टोकांचे झाकण वाकवून बोटे आत जातात, आणि ती पेटी नाकारली जाऊ शकते. म्हणून दोन्ही टोकांना, लांब पेटीला चारही भोकांत कुलूप लावण्याचा प्रघात पडला. प्रघात रास्त आहे. नियम म्हणून तो सांगू नये. हवाबंद पेटीच्या पुढच्या बाजूला दाब समतोल ठेवणारी छोटी झडप असते. ती नसेल वा अडकली असेल तर उतरल्यावर झाकण चोखून बसते आणि कुलूप काढूनही उघडत नाही. नवखा माणूस अशा वेळी कुलपालाच दोष देतो.

काडतुसे : आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तांत्रिक सूचनांत रायफलीची साधी काडतुसे १.४एस या गटात मोडतात; पेट घेतला तरी परिणाम वेष्टनाच्या आतच राहतो अशी ही स्फोटके. विमान कंपनीच्या संमतीने माणशी ५ किलोपर्यंत, वेष्टनाच्या वजनासह, नेता येतात. दोघांचा वाटा एका खोक्यात भरता येत नाही. स्फोटक वा आग लावणाऱ्या गोळ्या वर्ज्य. अमेरिकेत सुटी दारू व ठासणीच्या बंदुकीच्या टोप्याही सामानात चालत नाहीत, त्यामुळे तशा बंदुकीने शिकार करणाऱ्यांना या वस्तू मुक्कामी विकत घ्याव्या लागतात. .३०-०६ या शिकारी रायफलीच्या मापाची वीस काडतुसांची पेटी अर्धा किलोहून थोडी अधिक भरते. म्हणजे ५ किलोंत दीडशेहून अधिक बार. बारा बोअर शॉटगनची पंचवीसची पेटी एक ते सव्वा किलो, म्हणून तेथे मर्यादा लवकर येते. उतरल्यावर मुक्कामी दोन-तीन बार टाकून झिरो, म्हणजे दुर्बिणीतला नेम आणि गोळी लागण्याची जागा यांचा मेळ, तपासण्याची पद्धत असल्याने तेवढी काडतुसे जास्तीची धरतात. पेटी आपटल्याने दुर्बिणीचा झिरो हलणे ही या प्रवासातली खरी नित्याची हानी.

प्रवास मध्येच खंडित झाल्यास : १९८६ च्या संघीय कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शस्त्र नेणाऱ्याला वाटेतल्या राज्यांच्या कायद्यापासून संरक्षण दिले, अट अशी की निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ते बाळगणे कायदेशीर असावे आणि वाटेत शस्त्र रिकामे व हाताशी नसलेले असावे. या संरक्षणाची सीमा एका पिस्तुलाच्या खटल्याने दाखवली. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या प्रवाशाचे नेवार्क येथील पुढचे विमान चुकले. सामान ताब्यात घेऊन तो रात्रभर विमानतळाजवळच्या हॉटेलात राहिला. सकाळी काउंटरवर त्याने नियमाप्रमाणे शस्त्र घोषित केले आणि न्यू जर्सीच्या कायद्याखाली त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले. पण त्याने केलेला दावा अपील न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. रात्री पेटी खोलीत होती, म्हणजे शस्त्र हाताशी होते, असा निष्कर्ष. रात्रीपुरते ते पोलिसांकडे ठेवता आले असते, असेही न्यायालयाने सुचवले. रायफलीलाही हाच कायदा लागू असल्याने न्यू यॉर्क वा न्यू जर्सीत विमान बदलणे जाणते शिकारी टाळतात, आणि विमान चुकल्यास पट्ट्यावर आलेली पेटी उचलत नाहीत. २०१७ मध्ये फोर्ट लॉडरडेल विमानतळावर, चेक-इन केलेले पिस्तूल सामान मिळताच भरून एकाने पाच जणांचे प्राण घेतले. त्यानंतर काही कंपन्या अशी पेटी पट्ट्यावर न सोडता ओळखपत्र पाहून देऊ लागल्या.

अलास्काचा एक नियम येथे नोंदवावा : लहान विमानाने उडालेल्या दिवशी बहुतेक मोठ्या प्राण्यांची शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत थांबावे लागते. नियमित प्रवासी विमानसेवेला तो लागू नाही.

देशाबाहेर : निघण्यापूर्वी अमेरिकी सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून रायफलीचा क्रमांक ४४५७ क्रमांकाच्या अर्जावर नोंदवून घेतात. अर्ज मुळात कॅमेरे, घड्याळे यांसाठीचा. दक्षिण आफ्रिकेत तो मालकीचा पुरावा म्हणून चालतो, जोडीला तेथील पोलिसांचा एसएपीएस ५२० अर्ज. अमेरिकी अर्जाच्या कोपऱ्यात छापलेली तारीख ही नमुन्याची मुदत असते, नोंदीची नव्हे. तिच्यावरून शिकाऱ्यांची अडवणूक झाली आहे. कॅनडात घोषणापत्र २५ डॉलर शुल्कावर ६० दिवस चालते. २०१५ मध्ये झिम्बाब्वेतील सेसिल सिंहाच्या शिकारीनंतर काही अमेरिकी विमान कंपन्यांनी नाकारली ती सिंह, हत्ती आदींची मुंडकी व कातडी, रायफली नव्हेत. अमेरिकेत एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र पेटीच्या आधी दुसराच प्रश्न सोडवावा लागतो : १९९८ पासून अशा व्हिसाधारकाला बंदूक वा काडतूस बाळगण्यास मनाई आहे. राज्याचा चालू शिकार परवाना हा तिचा नेहमीचा अपवाद.

भारतात : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार एका फटक्यात बंद झाली, हा समज अचूक नाही. मूळ कायद्यात शिकार परवान्याची तरतूद शिल्लक होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. त्यानंतर शिकारी रायफल विमानाने नेण्याचे प्रयोजनच उरले नाही. कोकणात पीक राखायला परवान्यावर मिळणारी ठासणीची बंदूक गावाची वेस क्वचितच ओलांडते. विमानातून जातात त्या नेमबाजांच्या रायफली : ५० मीटरची .२२ आणि १० मीटरची हवेची. देशांतर्गत प्रवासात परवाना दाखवून शस्त्र काउंटरवर घोषित करावे लागते. परवान्याची हद्द जिल्हा, राज्य की संपूर्ण भारत, हे आधी पाहिले जाते. हवेच्या रायफलीचा सिलिंडर रिकामा व सुटा असावा लागतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे (कांबळवाडी, ता. राधानगरी) यांच्यासारख्या नेमबाजांना दर स्पर्धेला याच मार्गाने जावे लागते, परदेशी जाताना सीमाशुल्क खात्याकडे नोंदवलेला रायफलीचा क्रमांक परतताना पुन्हा ताडून पाहिला जातो.