जीन टेस्टने औषध निवडायचं होतं, औषधच बंद झालं

मुलांच्या ऑपरेशननंतर कुठलं पेनकिलर द्यायचं हे जीन टेस्ट करून ठरवायचं, ही कल्पना आजची वाटते पण मूळ बरंच मागे जातं. १९७५ च्या आसपास लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाच्या संशोधकाने डेब्रिसोक्विन ही बीपीची गोळी सहकाऱ्यांसोबत स्वतःच घेऊन बघितली, बाकीच्यांना फारसं काही झालं नाही आणि याचं बीपी मात्र धाडकन खाली आलं. कारण निघालं लिव्हरमधलं औषधं मोडणारं एक एन्झाइम, ज्याला पुढे सीवायपी२डी६ नाव पडलं; ते बनवणारा जीन माणसागणिक वेगळा असतो, म्हणून कुणात ते जोरात चालतं, कुणात चालतच नाही.

आता कोडीन. आपल्याकडे खोकल्याच्या सिरपमुळे माहीत असलेलं, पण तिकडे अमेरिका-कॅनडात टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर लहान मुलांना सर्रास द्यायचे, सौम्य आहे असं समजून. खरं तर कोडीन स्वतः दुखणं फारसं थांबवतच नाही, हेच एन्झाइम त्याचं मॉर्फिन हे जोरदार पेनकिलर करतं तेव्हा आराम पडतो. म्हणजे ज्याचं एन्झाइम चालत नाही ते पोर रडतच राहणार, आणि ज्याच्याकडे या जीनच्या जादा कॉपीज आहेत त्याच्या अंगात नेहमीच्या डोसमधूनच भरमसाट मॉर्फिन तयार होणार आणि श्वास मंदावणार. तसंच झालं. २००९ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी २ वर्षांच्या मुलाची केस छापली, टॉन्सिल काढून घरी पाठवलेला, कोडीन चालू, आणि तो गेला. तपासणीत जादा कॉपीज निघाल्या. त्यात टॉन्सिलची बरीच मुलं आधीच झोपेत श्वास अडकणारी असतात, म्हणजे धोका दुप्पट.

२०१२ मध्ये अशा आणखी केसेस पुढे आल्या, २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) यांच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन नको अशी कडक वॉर्निंग लावली, २०१७ मध्ये तर १२ वर्षांखाली कोडीन आणि ट्रॅमाडॉल हे तशाच प्रकारचं पेनकिलर दोन्ही नकोच म्हणून सांगितलं. गंमत बघा, जीनमुळे कोडं सुटलं पण बहुतेक हॉस्पिटलांनी टेस्ट घेतली नाही, औषधच सोडलं. मला त्यात चूक वाटत नाही, टॉन्सिलसाठी पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेन असताना कोण कशाला रिस्क घेईल?

अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड या मुलांच्या हॉस्पिटलने मात्र उलटं केलं, सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार, ज्यात वारंवार खूप दुखतं) मुलांची टेस्ट आधीच करून रिझल्ट कॉम्प्युटरवर टाकला आणि धोक्याचा जीन असेल तर कोडीन लिहितानाच डॉक्टरला अलर्ट. अमेरिकेतल्याच सिनसिनाटीत सेंथिलकुमार सदाशिवम या डॉक्टरांच्या टीमने सरळ मॉर्फिनकडेच मोर्चा वळवला, कारण तिथेही काही मुलांच्या शरीरातून ते लवकर निघून जातं आणि काहींच्यात रेंगाळतं, त्यामागे ओसीटी१ हा वेगळाच जीन सापडला. एकाच जीनवर भागत नाही म्हटल्यावर पुढचं काम अनेक जीन एकत्र बघायचंच होतं.